वळणावरची निळी रिबन

सोमवार, १३ जानेवारी

खारू,

फोन केला की तू "कामात आहे, नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही. म्हणून पत्र. पत्राला कामात आहे असं सांगता येत नाही. फार तर न वाचता फेकता येतं, पण लहानपणी दुसऱ्यांच्या नावची पाकिटंसुद्धा उजेडात धरून बघणारी तू, तेव्हा निदान पहिलं पान तरी वाचशील असं मी धरून चालले आहे. पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस, तिनं दोनदा नाही म्हटलं होतं.

इकडे वसाहतीत या आठवड्यात नुसती धावपळ आहे. यंदा थंडी अशी नाहीच. सकाळी स्वेटर घालायचा आणि नऊ वाजता कमरेला बांधायचा. त्यामुळे मंडळाला जोर चढलाय आणि त्यांनी तलावाचा आठवडा ठरवलाय. आज काठाची सफाई, उद्या बाकं रंगवायची, परवा तलावाकाठची वाट मोजायची, मग होड्या, मग टेकडीवर चढाई, आणि रविवारी शर्यत. हो, तीच शर्यत. सव्वीस वर्षांनी पुन्हा.

आज आम्ही बावीस जणांनी तेवीस पोती कचरा काढला. मी तुझ्या भाऊजींचे गमबूट घातले होते, त्यात माझे दोन पाय एकात मावतील. गाळात एक डबा सापडला, झाकण गच्च बसलेला. सगळे त्याच्याभोवती गोल उभे राहिले आणि उघडायला कुणी तयार होईना. शेवटी नर्सबाईनं उघडला. नर्सबाई म्हणजे शाळेत तुझ्या शेजारी बसायची ती. आत गोट्या होत्या, पस्तीस-चाळीस तरी, एकदम कोरड्या. कुणाच्या असतील यावर अर्धा तास वाद झाला आणि काम थांबलं ते थांबलंच.

निघताना पोस्टमास्तर काकांनी कामं वाटली. अजून तेच अध्यक्ष आहेत, ऐंशीचे झालेत, आवाज तसाच. "वळणावर घड्याळबाईच. दुसरं कोण?" असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मी म्हटलं, बघू. त्यावर ते हसले, कारण मी बघू म्हटलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही.

तू कशी आहेस? मावशी म्हणाली तुझा गुडघा दुखतो. पोहायला शिकवताना पाण्यात फार वेळ उभी राहतेस का?

ताई


मंगळवार, १४ जानेवारी

खारू,

आज बाकं रंगवली. हिरवा रंग संपला म्हणून शेवटची दोन निळी झाली. पोस्टमास्तर काका "ओला रंग" अशी पाटी लिहून आणायला गेले आणि आल्यावर पाटी हातात धरून बाकावरच बसले. त्यांच्या पाठीवर आता तीन हिरवे पट्टे आहेत. कुणीच हसलं नाही, सगळे तोंड फिरवून तलावाकडे बघत राहिले.

मी वळणाच्या दगडाजवळचं बाक मागून घेतलं. म्हटलं, एवीतेवी रविवारी तिथं उभं राहायचंच असेल तर आधी जाऊन बघावं. दगड तसाच आहे. शेजारचा लाकडी खांबही आहे, वरून थोडा कुजलाय. टेकाडाआड असल्यामुळे तिथून बाकीची वाट दिसत नाही आणि वाटेवरून तो दगड दिसत नाही, हेही तसंच.

तुला जे माहीत आहे तेच आता लिहिते, कारण माझ्या हातानं ते कधी कागदावर उतरलेलं नाही. मंडळाच्या फाटकापासून दगडापर्यंत अडीच किलोमीटर, दगडाला वळसा घालून परत अडीच. दगडापाशी मी उभी. येणाऱ्या प्रत्येकाला एक पिवळी रिबन द्यायची, ती मनगटाला गुंडाळून त्यानं परत जायचं, म्हणजे कुणी अर्ध्यातून वळलं नाही याचा पुरावा. तू सतरा वर्षांची होतीस आणि सतरा मिनिटांत परत आलीस. मनगटाला रिबन नव्हती. तू म्हणालीस, वळणावर कुणीच नव्हतं. काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी सुरुवातीपासून तिथंच होते, मला खारू दिसली नाही.

एवढंच. कुणी पुढे विचारलं नाही. वसाहतीत मला घड्याळ म्हणायचे, वाचनालयाचं दार उघडलं की लोक वेळ लावायचे. आणि तशीही वसाहतीतली एक पोरगी पाच किलोमीटर सतरा मिनिटांत पळेल हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

रंगाच्या वासानं डोकं चढलंय. बाकीचं उद्या.

ताई


बुधवार, १५ जानेवारी

खारू,

आज वाट मोजली आणि मोठी गंमत झाली. गंमत म्हणते आहे, पण मला हसू आलं नाही.

सायकलवाले आजोबा आठवतात ना, तुझ्या सायकलची चेन दर आठवड्याला बसवून द्यायचे ते. पहिल्या शर्यतीच्या वेळी वाट त्यांनीच मोजली होती. पद्धत तीच, चाकाच्या एका तारेला चिंधी बांधायची, सायकल हातात धरून चालायचं आणि चिंधी वर आली की एक मोजायचा. मोठ्या सायकलचं चाक एका फेऱ्यात दोन मीटर वीस सेंटिमीटर जातं. म्हणजे दगडापर्यंत अकराशे छत्तीस फेरे व्हायला हवेत. आज आम्ही नऊ जण मोठ्यानं मोजत गेलो आणि नऊशे एक्याऐंशीला दगड आला.

आजोबा म्हणाले, तुम्ही गप्पा मारता, चुकलात. परत मोजलं. परत नऊशे एक्याऐंशी. मग आजोबा दगडावर बसले, टोपी काढली आणि खाली बघत हसायला लागले. त्या वर्षी मोजायच्या दिवशी त्यांची मोठी सायकल पंक्चर होती. सायकल दुरुस्त करणाऱ्याचीच सायकल पंक्चर, हे सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी मुलीची छोटी सायकल आणली. तिचं चाक लहान. गुणाकार मात्र मोठ्या चाकाचाच केला. म्हणजे आपला दगड साडेतीनशे मीटर अलीकडे रोवला गेला आणि पाच किलोमीटरची शर्यत साधारण सव्वाचारचीच होती.

सगळे पोट धरून हसले. आजोबांना चहा पाजला. मी बघत होते. सव्वीस वर्षांपूर्वीची चूक एक माणूस टोपी काढून सांगतो आणि लोक त्याला चहा देतात.

मग नर्सबाई एकदम म्हणाली, "म्हणजे खारूची सतरा मिनिटं खरी असतील की."

हसणं थांबलं. काकांनी चष्मा सारखा केला. "वेळ खरी असेलही. पण रिबन नव्हती ना. घड्याळबाई होत्या तिथं." आणि ते माझ्याकडे बघत राहिले. आठच्या आठ जण बघत होते.

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते विचारू नकोस. त्यांना हो वाटलं आणि ते मी वाटू दिलं.

ताई


गुरुवार, १६ जानेवारी

खारू,

कालचं पत्र टाकल्यावर वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं. हात जात नाही. मी घालून बघितला.

आज होड्या होत्या. तुझे भाऊजी वल्हवत होते आणि मी समोर बसून सूचना देत होते, त्यामुळे आम्ही बराच वेळ एकाच जागी गोल फिरलो. ऊन पाठीवर छान लागत होतं. तलावाच्या मधोमधून वळणाचा दगड पाण्याच्या बाजूनं दिसतो, मला हे माहीत नव्हतं. तिथं कुणी उभं असतं तर स्पष्ट दिसलं असतं. त्या दिवशी तलावात होड्या नव्हत्या.

मी तिथं नव्हते, खारू.

तुला हे माहीत आहे. तू तिथं आलीस आणि तुला रिकामा दगड दिसला. पण मी का नव्हते ते तुला माहीत नाही. रिबिनी मी घरी विसरले होते. शिवणाच्या मशीनवर, कापून, मोजून, गठ्ठा बांधून ठेवलेल्या. आपण दोघी सकाळी किती घाईत होतो आठवतं? तुझी वेणी घालण्यात वेळ गेला आणि मी तशीच निघाले. दगडापाशी पोहोचून पिशवीत हात घातला तर आत नुसती पाण्याची बाटली. तिकडे फाटकाशी शिट्टी वाजली. मी मनाशी धरलं की अडीच किलोमीटरला सगळ्यात चपळ माणसालासुद्धा दहा मिनिटं लागतील. पंपघरामागच्या बोळातून घर गाठायला चार, परतायला चार. आठ मिनिटांत येते म्हणून पळाले. घराचं कुलूप काढताना किल्ली अडकली आणि येईपर्यंत साडेनऊ मिनिटं झाली.

दगड जागेवर असता तर मी तुझ्याआधी पोचले असते. दोष छोट्या सायकलचा. हे वाक्य मी खोडणार होते. राहू देते, म्हणजे काल रात्रीपासून मी काय काय शोधते आहे ते तुला कळेल.

कारण विसरणं ही चूक होती. त्यावर लोकांनी मलाही चहा दिला असता. पण वाचनालयाची कायमची नोकरी काकांच्या हातात होती आणि घड्याळ बंद पडलं हे त्यांच्यासमोर सांगायला माझी जीभ रेटेना. आणि आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. तू घरातून धावत निघायचीस तेव्हा आई उंबऱ्यात येऊन उभी राहायची. माझ्यासाठी ती कधी उंबऱ्यात आली नव्हती, कारण मी धावत कुठे जातच नव्हते. मी वेळेवर जायचे आणि वेळेवर यायचे. मला तुझा थोडा हेवा वाटायचा. थोडा म्हणजे बराच.

ताई


शुक्रवार, १७ जानेवारी

खारू,

आज टेकडीवर चढाई. वर पोहोचल्यावर सगळ्यांना संत्री वाटली. माझे गुडघे उतरताना बोलायला लागले, तेव्हा वाटलं, तुझा कुठला दुखतो, उजवा की डावा, हेही मला माहीत नाही.

उतरताना तुझ्या भाऊजींना सगळं सांगितलं. तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एका दगडावर बसून बुटातला खडा काढला आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी थोडाच धावलो होतो."

म्हणून आता तुला सांगते ते, जे कालच्या पत्रातही लपवलं.

मी धापा टाकत परत आले तेव्हा खांबाला तुझी निळी रिबन बांधलेली होती. तुझ्या वेणीची. सकाळी मीच बांधली होती, माझ्या हातची घडी अजून तिच्यावर होती. तू आलीस, कुणी नाही हे बघितलंस आणि स्वतःची रिबन सोडून खांबाला बांधून गेलीस. सतरा वर्षांच्या पोरीला पळता पळता एवढं सुचलं. आणि मला काय सुचलं? टेकाडाआडून दुसऱ्या धावणाऱ्याच्या पायांचा आवाज आला. मी गाठ सोडली आणि रिबन खिशात टाकली. आधी हातानं केलं, डोक्याला नंतर कळलं.

तू मोकळ्या केसांनी फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "मी माझी रिबन खांबाला बांधलीय, जाऊन बघा." काकांनी माणूस पाठवला. तो रिकाम्या हातानं आला. तू आयुष्यभर समजत असशील की वाऱ्यानं गेली. वारा नव्हता, खारू. ती माझ्या खिशात होती आणि मी तुझ्यापासून चार हातांवर उभी होते.

त्या संध्याकाळी आईनं तुला एकदाच विचारलं, वळणापर्यंत गेली होतीस ना गं? लोकांचं तू सोसलं असतंस, त्या प्रश्नानं तू गेलीस. दीड महिन्यात बॅग भरलीस. आई जायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली, "मी तिला ते विचारायला नको होतं." मी तिची उशी सारखी केली. तेवढंच केलं मी. आईला खरं सांगायला मला बावीस वर्षं मिळाली होती.

रिबन शिवणाच्या मशीनच्या खणात आहे, बटणांच्या डबीखाली. फिकी झालीय.

उद्या संध्याकाळी वाचनालयात मंडळाची बैठक आहे. मी बोलणार आहे. हे आधी तुला लिहून ठेवते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

ताई


शनिवार, १८ जानेवारी

खारू,

बोलले.

चाळीस खुर्च्या मीच मांडल्या होत्या. काका रविवारच्या सूचना वाचत होते. "वळणावर घड्याळबाई" आल्यावर मी उठले, रिबन टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही खारूची आहे. त्या दिवशी ही मी खांबावरून सोडून खिशात घातली. मी वेळेवर नव्हते. ती वळणापर्यंत गेली होती." आणखी बरंच पाठ केलं होतं, ते आलं नाही.

कुणी ओरडेल असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही, ते जास्त जड गेलं. नर्सबाई उठली. "मी तिच्याशी बोलणं सोडलं होतं," ती म्हणाली. "माझी एकुलती एक मैत्रीण होती ती." पिशवी उचलून निघून गेली. जाताना दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं.

काकांनी कपाटातून जुनं रजिस्टर मागवलं. ते मीच काढून दिलं, कुठल्या फळीवर आहे ते मलाच माहीत. त्या पानावर तुझं नाव लाल शाईनं खोडलेलं आहे. काकांनी खाली नवीन ओळ लिहिली, तुझं नाव, सतरा मिनिटं, पहिली. अक्षर जरा वाकडं आलंय. मग मला म्हणाले, "मी तुला विचारलं तेव्हा तुझ्या पिशवीत बघायला हवं होतं. मला गरज वाटली नाही." त्यांनी मला पहिल्यांदाच घड्याळबाई म्हटलं नाही.

मी म्हटलं, उद्या वळणावर दुसरं कुणीतरी ठेवा. सायकलवाले आजोबा म्हणाले, तिलाच राहू दे, आता ती कुठं जायची नाही.

या पत्रात तुझी रिबन घालते आहे. धुतलेली नाही. इस्त्री करावीशी वाटली, पण केली नाही.

माफ कर असं लिहायला बसले होते. मला माफी हवी आहे हे खरं आहे, पण ती मागितली की देणं तुझ्यावर येतं, म्हणून मागत नाही. तू माझी लाडकी होतीस आणि आहेस, हे मात्र मागितल्याशिवाय सांगते.

ताई


रविवार, १९ जानेवारी

खारू,

शर्यत झाली. दगड साडेतीनशे मीटर पुढे नेऊन रोवला, आता खरे पाच किलोमीटर. एकसष्ट जण धावले, त्यात अकरा जण मधेच बाकावर बसले. पहिला आलेला साडेबावीस मिनिटांत आला. तुझ्या वेगाच्या जवळपासही कुणी नाही, हे आजोबा प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

मी शिट्टीच्या दोन तास आधी वळणावर होते. रिबिनी तीन वेळा मोजल्या. नर्सबाई शेवटून तिसरी आली, लालबुंद होऊन. हात पुढे केला, माझ्याकडे न बघता. मी तिच्या मनगटाला रिबन गुंडाळली. तिनं गाठ घट्ट करून घेतली आणि गेली. सध्या एवढंच आहे आणि ते रास्त आहे.

आता रोज लिहिणार नाही. तुला पेटी उघडायची भीती वाटायला नको.

ताई


शनिवार, २५ जानेवारी, सकाळी सव्वासहा

खारू,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे.

गुरुवारी तुझं कार्ड आलं. मी ते दारातच उभी राहून वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग तुझ्या भाऊजींना वाचायला लावलं, कारण मला वाटलं मी मनानंच काही जोडते आहे. दोन ओळी. "शनिवारी सकाळी सातच्या बसनं येतेय. थांब्यावर ये. या वेळी वेळेवर."

थांब्यावर मी पावणेसहालाच आले. बाकावर बसून लिहिते आहे. झाडूवाल्या मावशी दोनदा विचारून गेल्या, बस चुकली का? मी म्हटलं, नाही, अजून यायचीय. उजाडायला लागलंय, थंडी बेताचीच आहे. तलावाकडून पाणकोंबड्यांचा आवाज येतोय.

मला तुला बघून लगेच हसायचं नाही आणि लगेच रडायचंही नाही. तुझ्या गुडघ्याला त्रास होऊ नये म्हणून सामानाला हातगाडीसुद्धा सांगून ठेवली आहे, नको असेल तर नको म्हण. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. आपण तलावाकाठानं हळूहळू जाऊ, वाटेत निळी बाकं आहेत.

आताच पिशवीत हात घातला. तुझ्यासाठी स्वेटर विणलाय, सहा दिवसांत, बाह्या जरा लांब झाल्यात. तू उतरलीस की तुझ्या अंगावर घालायचा असं ठरवलं होतं. पिशवीत पाण्याची बाटली आहे. स्वेटर नाही. तो घरी शिवणाच्या मशीनवर राहिला, घडी घालून, कागदात बांधून.

घर इथून चार मिनिटांवर आहे. बस यायला चाळीस मिनिटं आहेत. जाऊन आरामात परत येता येईल, मी हिशोब करून पाहिला.

जात नाही. इथंच बसले आहे.